पाठ झालेली स्तोत्रं: तुमच्या आठवणी लिहा

बीडकर: काल सांजच्याला लाईट गेली अन् शेजारचं लेकरू अंधारात मोठ्यानं ‘शुभं करोति कल्याणम्’ म्हणायला लागलं, एकदम आज्जी आठवली. शाळेत गेलीच नव्हती, पण रामरक्षेचे ३८ श्लोक तोंडपाठ. ज्वारी पाखडता पाखडता म्हणायची, ‘शिरो मे राघवः पातु’ आलं की सुपातला हात माझ्या डोक्यावर, ‘भालं दशरथात्मजः’ला कपाळावर, मग डोळे, मग कान. ज्वारीचं कूस लागून खाज सुटायची पण मी हलायचो नाही. अर्थ कुणी सांगितलाच नाही, अंगावरूनच कळला. तुमच्याकडं काय म्हणायचे?

लातूरची लेक: १९९३ चा भूकंप, ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. नंतर किती तरी रात्री अंगणातच झोपायचो. जरा काही हललं की आई ‘प्रणम्य शिरसा देवं’ सुरू करायची, आम्ही भावंडं तिच्या मागून. आठच श्लोक, पण संपेस्तोवर छातीतली धडधड उतरायची. लिहिताना भरून येलालंय.

नांदेडकर: ताई, काटा आला अंगावर.

परळीवाली: द्वादश ज्योतिर्लिंग कुणीच कसं नाही लिहिलं?? बारातली तीन आपल्या मराठवाड्यात, परळी औंढा वेरूळ! ‘परल्यां वैद्यनाथं च’ आलं की आम्ही सगळी पोरं जोरात ओरडायचो, आपल्या गावाचं नाव ना. काही पोथ्यांत तिथं ‘वैद्यनाथं चिताभूमौ’ आहे, मामा तसं म्हणायला लागले की आजोबा मधीच थांबवायचे

जालनेकर: आमच्याकडं भीमरूपी. ते संस्कृत नाही, माहितीय, पण समर्थांचं जांब आमच्याच जिल्ह्यात, त्याच्याशिवाय दिवाबत्ती व्हायचीच नाही.

नांदेडकर: शाळेत राम शब्द चालवायला सांगितला तर मी ‘रामो राजमणिः सदा विजयते’ म्हणून दाखवलं, त्या एका श्लोकात संबोधन धरून सगळ्या विभक्त्या येतात. सर लई खूश. कुकर झाला, नंतर लिहिते

हिंगोलीकर: परळीवाली ताई, श्रावणात सोमवारी गर्दी किती असते? आईला दर्शन करायचंय, गुडघे दुखतात तिचे.

परळीवाली: दादा, सोमवार सोडून या, पायऱ्या आहेत मंदिराला, काकूंना गर्दीत जमायचं नाही. परभणीहून गंगाखेडमार्गे रेल्वेनं या, अन् जेवायला घरीच यायचं, आधी कळवा तेवढं.