पोस्ट स्क्रीनवर २००, प्रोसेसर मात्र पेंटियम एमएमएक्स २३३

जुना_बोर्ड:
सॉकेट ७ चा बोर्ड, इंटेल ४३०व्हीएक्स चिपसेट, १९९६ चा अवॉर्ड बायॉस. सुरू करताना पोस्ट (स्वतपासणी) स्क्रीनवर स्पीड २०० मेगाहर्ट्झ दाखवतो. बोर्डवर छापलेल्या तक्त्यात मल्टिप्लायर (प्रोसेसर बसच्या, म्हणजे बोर्डच्या मूळ वेगाच्या, किती पट चालेल तो आकडा) १.५, २, २.५ आणि ३ एवढेच आहेत, ३.५ नाही. सध्या बीएफ० आणि बीएफ१ (मल्टिप्लायर ठरवणारे पिन) दोन्हींचे जम्पर (पिन जोडणाऱ्या टोप्या) काढलेत. तक्त्यात ती जागा १.५ ची आहे. बायॉस फ्लॅश करू का, म्हणजे नवी आवृत्ती टाकू का?

क्लॉकजनरेटर:
फ्लॅशला अजून हात लावू नका. जम्पर बरोबर आहेत. हे दोन पिन प्रोसेसर रीसेट होताना वाचतो. दोन्ही मोकळे असले की जुना पेंटियम १.५ घेतो, २३३ एमएमएक्स मात्र तेच ३.५ समजतो. बोर्ड छापला तेव्हा हा प्रोसेसर बाजारात नव्हता, म्हणून तक्त्यात नाही.

आता २०० कुठून येतं? असे बायॉस बहुधा वेग अंदाजाने मोजतात आणि आपल्या यादीतला जवळचा आकडा दाखवतात. यादी २०० ला संपत असेल तर ६६ × ३.५ म्हणजे खरे २३३ही २०० दिसतील. पण बस चुकून ६० वर असेल तर ६० × ३.५ = २१०, तेही २००च दिसेल. स्क्रीनकडे बघून यातला फरक कळणार नाही, मोजावंच लागेल.

एफ५ दाबून साधा डॉस सुरू करा, ईएमएम३८६ (मेमरी मॅनेजर) नको. बायॉसची टिक (टायमरचा ठोका) सेकंदाला १८.२ वेळा पडते, तिची गणती ०:४६सी (हेक्स) वर असते. एक टिक पडली की लगेच आरडीटीएससी (प्रोसेसरच्या क्लॉकची गणती वाचणारी सूचना) घ्या, १८२ टिकांनी पुन्हा घ्या. हे जवळपास बरोबर १० सेकंद, त्यामुळे फरक जितके कोटी तितके मेगाहर्ट्झ. टर्बो सी या जुन्या कंपायलरला ही सूचना ओळखता येत नाही, ०एफ ३१ हे बाइट थेट घाला. आणि पूर्ण ईएएक्स (३२ बिटांचं रजिस्टर) वाचा, नुसता एएक्स (त्याचा खालचा १६ बिटांचा भाग) घेतला तर आकडा निरर्थक येईल. ३२ बिट ४२९ कोटींना भरतात, म्हणून १० सेकंदांपेक्षा फार लांबवू नका.

सोल्डरगन:
त्याआधी मल्टिमीटर घ्या. एमएमएक्सला कोअर (आतला भाग) २.८ आणि आयओ (बाहेरशी बोलणारा भाग) ३.३ व्होल्ट लागतात. कोअरला सरळ ३.३ देणाऱ्या बोर्डवर प्रोसेसर चालतो, पण जास्त तापतो आणि आयुष्य घटतं. कोअर २.७ ते २.९ च्या बाहेर असेल तर पुढची मोजणी नंतर करा. सेटअपमध्ये इंटर्नल कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) चालू आहे ना तेही बघा. बंद असेल तर लूपवर मोजणारा कोणताही प्रोग्रॅम भलताच आकडा देतो.

जुना_बोर्ड:
कोअर २.८१. मोजणी २०९.९ कोटी.

क्लॉकजनरेटर:
म्हणजे बस ६० वर आहे, आणि पीसीआयही (कार्डांची बस) ३३ ऐवजी ३० वर. बसचे जम्पर ६६ ला लावा. आधीच तसे असतील तर टोप्या काढून पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गंजलेला जम्पर मोकळ्यासारखाच वागतो. ६६ वर मेमरीच्या चुका आल्या तर सिमवरचा (मेमरीच्या पट्ट्यांवरचा) आकडा वाचा: ७० नॅनोसेकंदांच्या असतील तर सेटअपमध्ये डीरॅम टायमिंग ६० वरून ७० करा. मोजणी २३३ कोटींच्या आसपास आली की स्क्रीनवरच्या २०० कडे बघू नका.