दिन की दीन: आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरचा एक बुधवार

सेक्रेटरी: नमस्कार. ५ सप्टेंबर शिक्षक दीन. बिल्डिंगमधल्या तीन निवृत्त शिक्षकांचा सत्कार करायचाय. फ्लॅटमागे २०० रुपये. शाल, श्रीफळ.

१०१ गुरुजी: दीन नव्हे, दिन. तेवढे दीन अजून झालो नाही. आणि शाल नको. कपाटात नऊ पडल्यात.

३०२ काकी: गुरुजींचं लाल पेन काही रिटायर झालं नाही!

सेक्रेटरी: सॉरी सर. राधाकृष्णन १९२१ मध्ये म्हैसूर सोडून कलकत्त्याला निघाले, तेव्हा मुलांनी त्यांची बग्गी स्वतः ओढून स्टेशनवर नेली. ते मी सांगेन.

२०४ दादा: दरवर्षी तेच सांगतोस की मर्दा. आधी लिफ्ट चालू कर, गुरुजींना तेवढी बग्गी पुरे.

१०१ गुरुजी: म्हैसूरपर्यंत कशाला जाता? केएलई शिक्षण संस्था १९१६ साली ह्याच बेळगावात सात जणांनी काढली. शिक्षकच होते ते.

३०२ काकी: मला मोठी माणसं नाही आठवत. दिन-दीनवरून आमच्या कन्नडच्या टीचर आठवल्या. खानापूरकडची आमची मराठी शाळा. कन्नडात 'ओ' दोन, एक आखूड, एक लांब. आपल्याला तो फरक कुठला कळायला? मी उभी राहून 'पुस्तक कोडु' म्हणायचं ते 'कोऽडु' म्हटलं. 'कोडु' म्हणजे दे, 'कोऽडु' म्हणजे शिंग. घरी कन्नड बोलणारी दोन पोरं होती, ती फिदीफिदी हसली. मी रडकुंडीला.

टीचर त्यांना ओरडल्या नाहीत. फळ्यावर मराठीत 'चार चाकं' लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. दोन्ही 'च' सारखेच, चहातल्या 'च'सारखे. अख्खा वर्ग हसला. मग मला म्हणाल्या, "आता तू मला शिकव." मी 'चाकं' म्हणायची, त्या 'च्याकं' म्हणायच्या. पाच-सहा वेळा तरी झालं. नाहीच जमलं त्यांना. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या परत विचारलं, "बघ, आता बरोबर काय?"

२०४ दादा: जमलं?

३०२ काकी: दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जमलं. माझा 'कोडु' त्याच्या आधी जमला, तेवढं सांगते.
बँकेत काउंटरवर बसले तेव्हा कुणी आजोबा अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलत स्लिप पुढं करायचे. मागची रांग हसायची. मी माझं मोडकं कन्नड त्यांच्याहून मोठ्यानं बोलायची. ठरवून नाही हं, आपोआप व्हायचं.

१०१ गुरुजी: मी पस्तीस वर्षं शिकवलं. पोरांसमोर चुकलो की खोकायचो आणि फळा पुसायचो.

३०२ काकी: अहो गुरुजी, तुमचं तसं नाही हो...

१०१ गुरुजी: तसंच आहे. कुठं असतात त्या बाई?

३०२ काकी: वडगावात, मुलीकडे. ऐकू कमी येतं आता.

सेक्रेटरी: मग चौथा सत्कार त्यांचा. बिल्डिंगमध्ये राहत नाहीत, पण २०० रुपयांवर कुणाची हरकत नसावी.

२०४ दादा: हरकत कसली? मी आणतो त्यांना. माझी च्यार च्याकी रिकामीच असते.

१०१ गुरुजी: दुसरा 'च' चुकला.