विमानात गुडघ्यांना जागा: तुमचे अनुभव लिहा

उंची सहा फूट एक इंच. पुणे-दिल्ली कसंबसं निघतं, पण पुढच्या महिन्यात मुंबई-लंडन आहे. कोणती सीट घेतली, जादा पैसे वसूल झाले का, ते लिहा. नुसतं 'अडचण झाली' नको. नेमकं काय टेकत होतं ते सांगा.

▪ 'सीट पिच'च्या आकड्यावर जाऊ नका. एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर, म्हणजे पाठीची जाडीही त्यातच आली. आपल्याकडच्या स्वस्त विमानांत 28 ते 30 इंच, लांबच्या प्रवासात बहुधा 31-32. पण पातळ पाठीच्या नव्या सीटवर 29 इंचांतही माझे गुडघे सुटे होते, आणि जुन्या जाडजूड सीटवर 31 असूनही मासिकांचा कप्पा थेट गुडघ्याच्या वाटीवर. नव्या सीटमध्ये हा कप्पा बऱ्याचदा वर नेलेला असतो, सगळा फरक तिथे पडतो. गादी मात्र नावालाच. तिसऱ्या तासाला बूड बोंबलतं.

▪ भिंतीसमोरची पहिली रांग उंच माणसाने घेऊ नये. पाय लांब करायला गेलं की भिंत. टेबल हाताच्या टेकूत असतं, त्यामुळे टेकू वर होत नाही आणि सीट अरुंद वाटते. पाळणाही तिथेच लागतो, म्हणजे रात्रभर रडणं. (बाळ आमचंच होतं, तक्रार नाही.)

▪ इमर्जन्सी दरवाजाची रांग घ्या, पैसे वसूल. लागोपाठ दोन असल्या तर मागची. पुढचीची पाठ सहसा झुकत नाही. आईसाठी मागितली तर नाही म्हणाले. दार उघडू शकेल अशाच माणसाला देतात, बरोबरच आहे.

▪ मी पाच फुटांच्या आत. जागा भरपूर, पण पाय जमिनीला टेकत नाहीत! सीटची कड मांडीत रुतते, मग बॅग पायाखाली घेते. उंचांच्या गप्पांत घुसल्याबद्दल माफी वगैरे मागणार नाही.

▪ खांद्यांचंही बघा. बोइंग 777 या मोठ्या विमानात पूर्वी बऱ्याच कंपन्या एका ओळीत 9 सीट लावायच्या, आता अनेकांच्या 10 असतात. शिवाय काही सीटखाली स्क्रीनच्या यंत्रणेचा डबा असतो. माझा डावा पाय आठ तास त्याच्या शेजारी तिरका.

▪ चार तासांपुढच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं होतं. मुळात धोका कमीच, पण घोटे फिरवत राहा, उठता येईल अशी आइल सीट (मधल्या वाटेलगतची) घ्या. आणि जेवणाची ट्रॉली दिसली की गुडघा आत. हाडावरच बसते.