अनुभव धागा : सायकलवर असताना कानात गाणी – ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचा अनुभव काय?

नौपाडा (धागा काढणारा)

रविवारी येऊरला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात यावरून चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, "कानात बोळे घातलेला माणूस माझ्या पुढेही नको आणि मागेही नको." दुसऱ्याचं, "मग गाडीच्या काचा वर करून गाणी लावणारे बरे चालतात?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून हा धागा. मतं भरपूर ऐकून झाली, आता अनुभव लिहा. रस्ता कुठला, वेळ कुठली, कानात नेमकं काय घातलं होतं, एवढं आलं तरी बाकीच्यांना उपयोग होईल. हेल्मेटचा वाद कृपया इथे आणू नका, तो स्वतंत्रपणे घालू.

नेरूळ

पाम बीच रोड, पहाटेची वेळ. वाशी ते बेलापूर रस्ता बऱ्यापैकी सरळ, सिग्नल मोजके, त्यामुळे गाड्या सुसाट. मी हाडांवर टेकणारे हेडफोन वापरतो. ते कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर बसतात आणि आवाज हाडातून आत जातो, कानाचं भोक मोकळं राहतं. मागची गाडी ऐकू येते, हे खरंय. पण वेग धरला की वाराच कानात एवढा घोंघावतो की गाणंही धड ऐकू येत नाही आणि गाडीही. चाणक्य सिग्नलच्या पुढे खाडीवरून समोरचा वारा आला की विचारूच नका. अशा वेळी हात आपोआप आवाज वाढवायला जातो आणि घोळ तिथेच होतो. त्यामुळे आवाज बिल्डिंगखाली ठरवायचा, रस्त्यावर हात लावायचा नाही. गाणं बुडालं तर बुडालं.

कासारवडवली

घोडबंदर रोडवर कानात काही घालून? तुमच्या धाडसाला नमस्कार.

इथे हॉर्नला काही अर्थच उरलेला नाही. सिग्नल लाल असतानाही लोक वाजवतात, त्यामुळे हॉर्न ऐकू आला काय नि न आला काय. कामाचे आवाज वेगळेच. ट्रेलरच्या एअर ब्रेकचा फुस्कारा, डंपरच्या फाळक्याची खडखड. रिकामा डंपर भरलेल्यापेक्षा जास्त वाजतो आणि जास्त जोरात येतो, हे कानानेच शिकलोय. ही खडखड जवळ आली की नवा माणूस घाबरून डावीकडे सरकतो. डावीकडे काय असतं? चेंबरची झाकणं, खडी, मेट्रोच्या कामाचे पत्रे. मी आधी मान वळवून बघतो, मग ठरवतो. पण मान वळवायची हे सांगतो कोण? कानच ना!

ऐरोली

मी एकच बड (बिनतारी इअरफोन) घालते, डाव्या कानात. गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून उजवा कान मोकळा. बरीच वर्षं हे अगदी हुशारीचं वाटायचं. मग सोसायटीच्या आवारात एक गंमत करून पाहिली. मी डोळे मिटून उभी, नवरा मागे सायकलची घंटी घेऊन. तो कधी डावीकडून, कधी उजवीकडून वाजवणार आणि मी बोट दाखवायचं. दोन्ही कान मोकळे असताना बोट बरोबर जायचं. डाव्या कानात बड घातला की घंटी कुठूनही वाजो, मला ती उजवीकडेच वाटायची. आवाज एका कानाला कळतो, पण दिशा कळायला दोन्ही लागतात. दोन कानांशी आवाज पोचायला जो किंचित फरक पडतो, त्यावरून मेंदू दिशा काढतो. वॉचमनकाकांनी मात्र आमच्याकडे पाहून मान हलवली.

एक बड अजून घालतेच. पण सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर. ठाणे-बेलापूर रोडला लागले की खिशात.

वसंत विहार

ऐरोलीच्या ताईंच्या प्रयोगाला जोड. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकलस्वारांवर असेच प्रयोग केले, निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनने बाहेरचे आवाज सर्वांत जास्त हुकले. जलद लयीचं गाणं मोठ्याने लावलं, तर 'थांबा' म्हणून दिलेला मोठा आवाजही निसटला. साधा, सैल बसणारा इअरफोन एकाच कानात असेल तर मात्र ऐकण्यात फरक पडला नाही. अर्थात तो प्रयोग ऐकू येण्याचा, दिशेचा नाही. आणि तिथले सायकल ट्रॅक कुठे, आपला कापूरबावडी नाका कुठे.

कायदेही देशोदेशी वेगळे आहेत. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकलवर इअरफोनला बंदी आहे, दंड १३५ युरो. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकायचे नाहीत, एक चालतो. नेदरलँड्समध्ये गाणी चालतात, पण १ जुलै २०१९ पासून सायकलवर फोन हातात धरता येत नाही. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल हे मोटार वाहनच नाही. आणि आयर्नमॅनची (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग स्पर्धा) तयारी करणाऱ्यांनो, त्या स्पर्धेत हेडफोन चालत नाहीत. तेव्हा सराव गाण्यांशिवायच करा.

नौपाडा

दादा, माहिती झकास. पण अनुभव?

वसंत विहार

मी घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारायच्या स्टँडवर, सायकल चालवतो. तिथे फुल्ल आवाज. शेजारी सोडून कुणालाच धोका नाही.

सानपाडा

मी सायकल चालवत नाही, गाडी चालवते. तरी लिहू ना? मोराज सर्कलच्या पुढे रोज सकाळी सायकलवाले दिसतात. पुढे जाताना मी एकदाच हलका हॉर्न देते. ज्याने ऐकलंय त्याची मान थोडी वळते, नाहीतर खांदा हलतो, सायकल एका रेषेत स्थिर होते. तेवढं दिसलं की मी निर्धास्त पुढे जाते. कानात काही असलेल्याचं काहीच हलत नाही. मग हा ऐकून सरळ चाललाय की खड्डा आला की अचानक उजवीकडे येणार, ते कळत नाही. मी आख्खी लेन सोडून जाते, माझ्या मागचे माझ्यावर पेटतात. तुमचं लक्ष असेलही हो, पण ते मागून दिसत नाही.

कोपरखैरणे

मला लहानपणापासून उजव्या कानाने ऐकू येत नाही. सायकल शाळेपासून चालवतोय. म्हणून "कान नाहीत तर रस्त्यावर येऊ नका" अशा सुरातली वाक्यं वाचली की जरा लागतं. हँडलच्या टोकाला आरसा आहे आणि ठरावीक अंतराने मागे बघायची सवय आहे, गाडी येत असो वा नसो. पुढे उभी रिक्षा दिसली तर तिला वळसा घालायच्या आधी आरसा, मग मान, मग हात.

फरक एवढाच की मला माझं ऐकणं किती ते पक्कं माहीत आहे. ज्यांना दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं, त्यांना मागे बघायची सवयच नसते, कारण गाडी आली की कळतंच. तेच कान बंद केले तरी सवय काही लगेच बदलत नाही. गाणी ऐकायचीत, जरूर ऐका. आधी आरसा लावा.

कळवा

सगळे इथे पहाटेच्या, गिअरवाल्या सायकलींबद्दल लिहितायत. माझे वडील कळव्याहून विटाव्याच्या पुलाखालून रबाळ्याला एमआयडीसीत सायकलने जायचे, साधी काळी सायकल. फोन शर्टाच्या खिशात, स्पीकर चालू, भजनं. इअरफोन त्यांना कधी आवडलाच नाही. लोकांना त्रास व्हायचा म्हणा, पण कान मोकळे राहायचे. रात्रपाळी करून परतताना गाणी नसतील तर पेंग येते, असं त्यांच्या बरोबरचे सिक्युरिटीवाले सांगायचे. त्यांना "गाणी बंद करा" कसं सांगणार?

पाचपाखाडी

मी गाणी सोडली ती सायकलसाठी. सायकल बोलते हो! पॅडल मारताना खालून 'कट्ट' आवाज आला की बीबी (पॅडलच्या दांड्यांमधला बेअरिंगचा भाग) बघायची वेळ झाली. पुढचं चाक फिरताना एका ठरावीक जागी 'टिक' वाजलं की टायरमध्ये काहीतरी रुतलंय. येऊरच्या चढावर मला असंच टिकटिक ऐकू आलं, उतरून बघितलं तर काचेचा बारीक तुकडा, अजून ट्यूबपर्यंत न पोचलेला. नखाने काढला आणि पुढे गेलो. तोच टायर उतारावर फुटला असता तर?

पावसाळ्याचं एक कुणी लिहिलं नाही. ओल्या रस्त्यावर टायर सळसळतात, म्हणून गाडी लांबूनच कळते. पण आपण रेनकोटची टोपी कानावरून ओढून घेतो आणि तिच्यावर पाऊस ताडताड वाजतो. हेडफोनवाल्यांना नावं ठेवणारे किती जण तशी टोपी घालून फिरतात ते बघा. हेल्मेटखाली माकडटोपी घालणारेही त्यातलेच.

घणसोली

इलेक्ट्रिक बस आणि डिलिव्हरीवाल्यांच्या ई-स्कूटर. इंजिनाचा आवाज नाही, हळू असल्या की टायरचाही नाही. कान मोकळे असूनही मला त्या कळत नाहीत. आता मीही आरसा घेणार.

वाघबीळ

मुलगा नववीत आहे, क्लासला सायकलने जातो. बड काढ म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मम्मी, ट्रान्सपरन्सी मोड आहे, बाहेरचं सगळं ऐकू येतं." मी स्वतः घालून पाहिले. घरात खरंच ऐकू येतं. पण खाली सायकलवर बसून हेल्मेटचा पट्टा लावताना बोट बडला लागलं आणि मोड बदलला. एकदम शांत! हे त्याच्याही लक्षात येत नसणार. याला काही उपाय आहे का? अजिबात घालू नको म्हटलं तर ऐकणार नाही, कोपऱ्यावर जाऊन घालेल.

नेरूळ

वाघबीळच्या ताई, बऱ्याच बड्सना ॲपमध्ये टच बंद करायची सोय असते. ती बंद करा, म्हणजे मोड बदलायचा तर फोन काढावा लागेल. आणि तो मोड वाऱ्यात नुसता खरखरतो, कारण वारा थेट बडच्या माइकवर आदळतो. एकदा त्याला बड घालून सायकलवर जोरात एक चक्कर मारायला सांगा आणि तुम्ही मागून हाक मारा. वळला तर ठीक.