मॅलमजवळ कॉटेज घेतलंय, आईबाबांना पायी कुठे नेऊ?

सई_म
मे महिन्यात आठवडाभर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समध्ये आहोत. कॉटेज मॅलम गावाला लागूनच आहे. आई इतिहासाची शिक्षिका होती, तिचं नुसत्या हिरवळीवर समाधान होणार नाही. बाबांचे गुडघे दुखतात, पण सपाटीवर ते मस्त चालतात. रोज उठून गाडीत बसायचं नाहीये. लोक कुणाच्याही शेतातून चालत जाताना दिसतात, ते खरंच चालतं का? आणि बाबांना झेपेल असं काय आहे?

पायवाट
सई, गाडी दारातच राहू दे. मॅलमला जे बघायचं ते दारातून निघून पायीच बघावं, असं माझं ठाम मत आहे.

शेतातून जायचा तिथे कायदेशीर हक्क आहे, पण आखलेल्या वाटेवरूनच. वाटेवरच्या खुणेत पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा असला तर घोडे आणि सायकलीही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा 'ओएल 2' नकाशा कागदी घे, त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे या वाटा. फाटक जसं सापडेल तसंच ठेवून पुढे जायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

पहिल्या दिवशी मॅलम कोव्हच्या पायथ्याशी जा. वाट चांगली आहे, बाबा आरामात येतील. समोर चुनखडीचा सुमारे 80 मीटर उंच, अर्धगोल कडा उभा राहतो. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचं पाणी यावरून कोसळत होतं. आता पाणी जमिनीखालून वाहतं आणि कड्याच्या बुडातून ओढा बाहेर येतो. डिसेंबर 2015च्या अतिवृष्टीत मात्र थोडा वेळ पुन्हा वरून धबधबा पडला होता! माथ्यावर जायला सुमारे 400 पायऱ्या आहेत. तू आणि आई चढा, बाबांच्या हातात दुर्बीण द्या. कड्यात ससाणे घरटी करतात, बाबांचा वेळ छान जाईल.

आईला मात्र शेतांच्या दगडी भिंती दाखव. लोक कोव्हचा फोटो काढून परततात आणि या भिंतींकडे बघतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात चुना नाही, माती नाही. दोन बाजूंना दगडांचे दोन थर, मध्ये बारीक दगडांची भर, ठरावीक उंचीवर दोन्ही थरांना बांधणारे लांब आडवे दगड आणि वर उभ्या दगडांची रांग. गावाजवळ लहान शेतांभोवती वाकडीतिकडी फिरणारी भिंत बहुधा जुनी. डोंगरावर पट्टीने आखल्यासारखी सरळ चढत जाणारी बहुतेक 18व्या-19व्या शतकातली, सामाईक कुरणं कायद्याने वाटून टाकली तेव्हाची. त्या सरळ रेषेने कुणाची गुरं कुरणाबाहेर राहिली, हे आईला नक्की विचारावंसं वाटेल. त्याआधी मॅलमची पश्चिमेकडची जमीन फाउंटन्स ॲबीची होती आणि पूर्वेकडची बोल्टन प्रायरीची. दोन्ही मठ मेंढ्यांवर आणि लोकरीवर श्रीमंत झाले. कोव्हच्या आसपासच्या उतारांवर गवताखाली पायऱ्या-पायऱ्या दिसतील, त्या मध्ययुगीन नांगरटीच्या. ऊन तिरपं झालं की सावलीमुळे ठळक उठून दिसतात, म्हणून संध्याकाळी जा.

दुसरी वाट जॅनेट्स फॉसची. छोटा धबधबा आहे, पण मेमध्ये त्या झाडीत रानलसणाची पांढरी फुलं पसरलेली असतात आणि वास लांबूनच येतो. लोकर कातरण्याआधी धबधब्याखालच्या डोहात मेंढ्या धूत असत.

रानभूल
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. मे महिन्यात गायींबरोबर वासरं असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून अजिबात जाऊ नका. वाट सोडून लांबून वळसा घ्या, तशी मुभा आहे. कुणाबरोबर कुत्रा असेल आणि गाय अंगावर आली, तर पट्टा सोडून द्यायचा. कुत्रा पळून जातो, त्याला धरून ठेवलं तर माणूस सापडतो.

सई_म
खूप आभार! आईला भिंतींचं वाचून दाखवलं, ती आत्तापासूनच नकाशा मागतेय. पण भिंत ओलांडायला दगडी पायऱ्या चढाव्या लागतात ना? बाबांना ते जमणार नाही.

पायवाट
काही वाटांवर चढाव्या लागतात, आणि नकाशावर त्या दाखवलेल्या नसतात. म्हणून नवी वाट धरण्याआधी गावात विचारून घे. फॉसच्या वाटेवर फाटकं आहेत. शेवटच्या टप्प्यात झाडांची मुळं आणि ओले दगड लागतात, तेवढी काठी हवी. तिथून पुढे गॉर्डेल स्कारची घळ जवळच आहे, आत जाणारी वाट सपाट आहे. धबधब्याच्या बाजूने वर चढणारे लोक दिसतील, तिथे हातपाय टेकत चढावं लागतं. बाबांना घेऊन तिथूनच मागे फिरा.