मदत हवी आहे: टायर काढताना प्लॅस्टिकचे लिव्हर मोडतात

हायब्रिड सायकल, डबल वॉल अलॉय रिम, ७००×३५ मापाचा, कडेत तार असलेला नवा टायर. मागचं चाक पंक्चर आहे आणि टायर रिमवरून उतरतच नाही. दोन स्वस्त प्लॅस्टिक लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) टोकाशी मोडले. हवा पूर्ण काढली, टायरची कड चहूबाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली, साबणाचं पाणीही लावलं. सुरुवात व्हॉल्व्हच्या जवळून केली. तिथे कड खोल बसत नाही, हे नंतर लक्षात आलं! दुकानातला लोखंडी पाना नको, मागे त्याने रिमवर ओरखडे पडले आणि ट्यूबही चिमटली. लिव्हर सीटखालच्या पिशवीत मावायला हवेत. मग जाड, रुंद टोकाचे नायलॉनचे घेऊ की आत स्टीलची पट्टी असलेले? आणि घट्ट टायरला दोन लिव्हर एकमेकांपासून किती अंतरावर लावता?