पिट्युटरी म्हातारी होते का? बायकांची आणि पुरुषांची एकाच मापाने मोजू नका

डिचोलीकर
आमच्याकडे लॅबवाल्यांनी 'चाळिशीपार हॉर्मोन पॅकेज' काढलंय, नवरा-बायको दोघांना सेम टेस्ट. मला हे पटत नाही. बायकांत पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची हॉर्मोन सोडणारी ग्रंथी, म्हातारी होतच नाही, होते ती ओव्हरी. तिथली बीजं संपली की इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही ओव्हरीची दोन्ही हॉर्मोन्स पडतात, मग पिट्युटरीतल्या गोनॅडोट्रोफ पेशींना (ओव्हरी-वृषणांना हुकूम सोडणाऱ्या) आवरायला कोणी उरत नाही आणि त्या एफएसएच, म्हणजे ओव्हरीला कामाला लावणारं हॉर्मोन, ओतत सुटतात, चांगला दहापट. थकलेली ग्रंथी असं करेल? पुरुषांत टेस्टोस्टेरॉन चाळिशीपासून वर्षाला साधारण 1 टक्का उतरतं, एलएच (टेस्टोस्टेरॉन बनवा म्हणून पिट्युटरी वृषणांना सोडते ते हॉर्मोन) हळूहळू चढतो, बस.

फोंड्याची बाय
'होतच नाही' हे जरा जास्तच झालं हां. मेनोपॉजनंतर काही वर्षं एफएसएच टॉपला असतो, पण सत्तरीकडे जाता जाता तो परत खाली यायला लागतो. ओव्हरी तर कधीच बंद, आवरणारं कोणी नाही, मग उतरतो कशाला? हायपोथॅलॅमस (पिट्युटरीला हाकणारा मेंदूचा भाग) आणि पिट्युटरी, दोघांचं वय झालं म्हणूनच ना! आईच्या रिपोर्टवर मेनोपॉजनंतरची एफएसएचची रेंज 25.8 ते 134.8 छापलेली, पन्नाशीच्या बाईला तीच आणि ऐंशीच्या आईला पण तीच.

म्हापशेकर
तुम्ही दोघं बायका-पुरुष करत बसलाय, पोटाकडे कोणी बघतच नाही. युरोपियन मेल एजिंग स्टडीत जाड पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी निघालं पण एलएच वाढलेला नव्हता, म्हणजे खाली माल कमी पडतोय तरी वरची ग्रंथी गप्प. वयाने मात्र एलएच वाढतो. आमच्यातले अर्धे 'वय झालं रे' म्हणतात ते शीत-हुमण आणि बियरचं आहे, टेस्टोस्टेरॉन जेलची ट्यूब घ्यायच्या आधी वजन करा.

डिचोलीकर
पोटाचं मान्य. पण त्याने बाई-पुरुष फरक कुठे पुसला?

मडगावची
काही ठिकाणी पुसतोच की. ग्रोथ हॉर्मोन बघा, तरुणपणी बायकांत पुरुषांपेक्षा जास्त सुटतं, इस्ट्रोजेनमुळे. मेनोपॉजनंतर तो फरक जवळजवळ जातो. प्रोलॅक्टिन (दुधाचं हॉर्मोन) पण तसंच उतरतं. म्हणजे ही दोन हॉर्मोन्स बनवणाऱ्या पेशींची, सोमॅटोट्रोफ आणि लॅक्टोट्रोफची, गोष्ट वेगळी आणि गोनॅडोट्रोफची वेगळी, सरसकट 'पिट्युटरी' म्हणून भांडलात तर दोघंही बरोबर आणि दोघंही चूक.

फोंड्याची बाय
मग तर आईची रेंज वयाप्रमाणे छापायला हवी, माझा मुद्दा तोच आहे.